डायस्टेजची बाटली घेण्याआधी

कॉलेजच्या मागणीपत्रकात बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं: 'डायस्टेज, 100 ग्रॅम, एक बाटली'. तीन कोटेशनं येतात. नाव तेच, वजन तेच, भावात मात्र दुप्पट-तिप्पट तफावत. खरेदी समिती सर्वांत कमी दरावर सही करते आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी अर्धा तास उलटला तरी परीक्षानळीतला निळा रंग हटत नाही. विक्रेत्याने फसवलंय असंही म्हणता येत नाही, कारण जे लिहिलं होतं तेच त्याने पाठवलेलं असतं. एन्झाइम वजनावर विकत घ्यायची वस्तूच नाही. ते किती काम करतं आणि कशापासून काढलंय, या दोन गोष्टींवर त्याची किंमत ठरते, आणि नेमक्या याच दोन गोष्टी मागणीपत्रकातून गळतात.

शाळा-कॉलेजची प्रयोगशाळा, पॅथॉलॉजी लॅब, संशोधन करणारे विद्यार्थी आणि बायोप्सीच्या बिलावर 'स्पेशल स्टेन' बघून कोड्यात पडलेले रुग्णाचे नातेवाईक, या सगळ्यांचा डायस्टेजशी कुठे ना कुठे संबंध येतो. दर मी मुद्दाम ढोबळ पट्ट्यांत देणार आहे. कंपनी, पॅक आणि डॉलरच्या भावाप्रमाणे ते हलतात; हिशेब करण्याची रीत मात्र हलत नाही.

बाटलीत नेमकं काय असतं

1833 साली पॅरिसमध्ये आन्सेल्म पायाँ आणि झाँ-फ्रांस्वा पेर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आणलेल्या जवाचा अर्क काढला, त्यात अल्कोहोल ओतलं आणि तळाशी बसलेला साका वाळवून ठेवला. त्या साक्याची चिमूट पिष्टाच्या खळीत टाकली की खळ पातळ होऊन तिची साखर होत होती. वेगळं काढलं गेलेलं हे पहिलं एन्झाइम. त्याला त्यांनी डायस्टेज असं नाव दिलं.

आज आपल्याला माहीत आहे की तो साका म्हणजे मिश्रण होतं. त्यात मुख्य दोघं: अल्फा-अमायलेज आणि बीटा-अमायलेज. पिष्टाचा रेणू म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ धरली, तर अल्फा ती मध्येच कुठेही तोडतं आणि बीटा टोकाकडून दोन-दोन मणी काढत जातं. ते दोन मणी म्हणजे माल्टोज. फांदी फुटलेली जागा आली की बीटा तिथेच थांबतं.

बीटा जवाच्या दाण्यात आधीपासूनच साठवलेलं असतं, बरंचसं बांधलेल्या अवस्थेत, आणि दाणा रुजला की मोकळं होतं. अल्फा मात्र रुजताना नव्याने तयार होतं: अंकुराकडून जिबरेलिन हे संप्रेरक सुटतं आणि दाण्याच्या कडेचा ॲल्युरोन थर कामाला लागतो. अल्फाला टिकून राहायला कॅल्शियम लागतं आणि ते 70 अंश सेल्सिअसच्या आसपासही तग धरतं. बीटा साठ-पासष्टच्या पुढे झपाट्याने निकामी होतं. हे तपशील पुढे खर्चाच्या हिशेबात उपयोगी पडणार आहेत.

आता ग्राहकाने लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट. 'डायस्टेज' या नावाने विकली जाणारी प्रत्येक बाटली वनस्पतीपासून आलेली नसते. जोकिची ताकामिने यांनी बुरशीपासून केलेल्या डायस्टेजचं अमेरिकेत 1894 मध्ये पेटंट घेतलं, तेव्हापासून ॲस्परजिलस ओरायझी या बुरशीचं डायस्टेज बाजारात आहे. आपल्याकडच्या पाचक सिरपच्या बाटलीवर 'फंगल डायस्टेज 1:1200' असं छापलेलं तुम्ही पाहिलं असेल, ते हेच. रसायनांच्या दुकानात स्वस्तात मिळतं तेही पुष्कळदा हेच असतं. ते कमअस्सल नाही. पिष्ट पचवून दाखवायचं एवढंच काम असेल तर उत्तम चालतं. पण त्यात बीटा-अमायलेज नसतं, आणि 'रुजणाऱ्या बियांतलं एन्झाइम' असं शीर्षक लिहून वर्गात बुरशीचं द्रावण वापरणं हे विद्यार्थ्यांशी प्रामाणिक नाही.

म्हणून लेबलवर 'स्रोत' ही ओळ शोधा: बार्ली माल्ट, रताळं, सोयाबीन की ॲस्परजिलस. कॅटलॉगमधल्या कॅस क्रमांकावर विसंबू नका. 9000-92-4 हा क्रमांक डायस्टेजचा, 9000-91-3 बीटा-अमायलेजचा. कोणत्या जिवापासून काढलं ते या क्रमांकांवरून कळत नाही.

युनिटचा घोळ

लेबलवरचं 1:2000 याचा अर्थ ठरावीक परिस्थितीत एक भाग पावडर 2000 भाग पिष्ट पचवते. हे समजलं की कोटेशनची तुलना पाच मिनिटांत होते. समजा, एका विक्रेत्याने 1:800 प्रतीची 100 ग्रॅमची बाटली 900 रुपयांना देऊ केली आणि दुसऱ्याने 1:2000 प्रतीची 1,500 रुपयांना. ग्रॅमवर पाहिलं तर पहिली नऊ रुपये, दुसरी पंधरा. समिती पहिली घेणार. पण एका रुपयात पहिली साधारण 89 ग्रॅम पिष्ट पचवते आणि दुसरी 133 ग्रॅम. महाग दिसणारी बाटली प्रत्यक्षात दीडपट स्वस्त पडते. खरेदीच्या फाइलला हा दोन ओळींचा हिशेब जोडला तर लेखापरीक्षकही हरकत घेत नाही.

शुद्ध बीटा-अमायलेजवर 1:2000 अशी भाषा नसते, तिथे युनिट असतात. बऱ्याच कॅटलॉगांत एक युनिट म्हणजे पीएच 4.8 आणि 20 अंश सेल्सिअसला तीन मिनिटांत पिष्टातून एक मिलिग्रॅम माल्टोज सोडवणारं एन्झाइम. दुसऱ्या कंपन्या मिनिटाला एक मायक्रोमोल ही आंतरराष्ट्रीय व्याख्या वापरतात. गणित केलं तर एक मिलिग्रॅम माल्टोज म्हणजे सुमारे 2.9 मायक्रोमोल, तीन मिनिटांनी भागलं की 0.97, म्हणजे जवळजवळ एकास एक. पण एकीने 20 अंशांवर मोजलं आणि दुसरीने 40 वर, तर ही बरोबरी कोलमडते. म्हणून आकड्याशेजारचं तापमान, पीएच आणि पिष्टाचा प्रकार वाचल्याशिवाय दोन बाटल्यांची तुलना करू नका. विक्रेत्याकडे ही माहिती नसेल तर उत्पादकाचं त्या लॉटचं विश्लेषण-प्रमाणपत्र, म्हणजे सीओए, मागा. ते फुकट मिळतं. द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा.

कोणत्या कामाला किती खर्च

बारावीच्या वर्गापासून सुरुवात करू. तीस विद्यार्थी, प्रत्येकाला एक टक्का द्रावण पाच मिलिलिटर, म्हणजे एकूण 150 मिलिलिटर द्रावण आणि दीड ग्रॅम पावडर. वरच्या उदाहरणातला पंधरा रुपये ग्रॅमचा भाव धरला तर अख्ख्या वर्गाचं एन्झाइम तेवीस रुपयांच्या आत बसतं. यावरून दोन गोष्टी निघतात. पावडरच्या दरात घासाघीस करून फार काही वाचत नाही. आणि 100 ग्रॅमची बाटली घेणं हाच बहुतेक शाळांचा सर्वांत मोठा तोटा आहे, कारण वर्षाला पाच-सात ग्रॅम वापरून उरलेली पावडर कपाटात ओल धरत पडते आणि तिसऱ्या वर्षी 'हे चालत नाही' म्हणून नवी बाटली येते. 25 ग्रॅमचा पॅक दर ग्रॅमला महाग असतो, तरी तोच घ्या.

आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइड यांचा खर्च अनेकदा एन्झाइमपेक्षा जास्त येतो. नुसतं निळा रंग जातो की नाही हे पाहायचं असेल, तर औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून भागतं.

या प्रात्यक्षिकात लाळेऐवजी वनस्पतीचं डायस्टेज वापरणार असाल तर पुस्तिकेतलं तापमान डोळे झाकून घेऊ नका. लाळेतलं अमायलेज 37 अंशांच्या आसपास छान चालतं. माल्टचं एन्झाइम पन्नासच्या वर अधिक वेगाने चालतं. विद्यार्थ्याला 37 ला मंद आणि 55 ला जलद असं उत्तर मिळालं तर ते बरोबर आहे, त्याचे गुण कापू नका.

पॅथॉलॉजीतलं काम वेगळं. तिथे डायस्टेज ऊतींच्या कापावर वापरतात. पीएएस या स्टेनने ग्लायकोजेन किरमिजी रंग घेतं, तसंच श्लेष्मल द्रव्य, बुरशीच्या पेशीभित्ती आणि आणखी काही पदार्थही घेतात. मग कळायचं कसं की दिसतंय ते ग्लायकोजेनच? त्याच ब्लॉकचे दोन काप घेतात, एकावर आधी डायस्टेज घालून 37 अंशांवर अर्धा ते एक तास ठेवतात आणि मग दोन्ही एकत्र रंगवतात. डायस्टेज घातलेल्या स्लाइडवरून रंग गेला तर ते ग्लायकोजेन, राहिला तर दुसरं काही. अल्फा-1 अँटिट्रिप्सिनच्या कमतरतेत यकृताच्या पेशींमध्ये जे गोलसर कण दिसतात, ते डायस्टेजनंतरही तसेच लखलखीत राहतात, आणि निदानाचा एक आधार तोच असतो.

या कामाला लागणारं एन्झाइम किती? शंभर मिलिलिटर बफरमध्ये 0.1 ग्रॅम. एका छोट्या कॉप्लिन जारला पन्नास मिलिलिटर पुरतं, म्हणजे पन्नास मिलिग्रॅम, म्हणजे रुपयाच्याही आत. मग रुग्णाच्या बिलावर शेकड्यांत रक्कम कशी? शिफ अभिकर्मक, पिरिऑडिक आम्ल, जादा काप, नियंत्रणासाठी ग्लायकोजेन असलेला ज्ञात काप, तंत्रज्ञाचे दोन तास आणि वाचणाऱ्या डॉक्टरांचा वेळ, हे सगळं त्यात येतं. तो दर लावणं गैर नाही. नातेवाइकांनी विचारायचं ते एवढंच: डायस्टेजची आणि बिनडायस्टेजची अशा दोन स्लाइडचा दर एकत्र आहे की दोनदा लावलाय? आणि हा स्टेन आत्ताच हवा, की साध्या एच-ई स्लाइडचा अहवाल पाहून ठरवता येईल? ब्लॉक जपून ठेवलेला असतो, त्यामुळे स्टेन नंतरही करता येतो, पुन्हा तुकडा काढायला लागत नाही.

काही जुन्या लॅबमध्ये डायस्टेजऐवजी लाळ वापरायची पद्धत आहे. ती चालते, पण व्यक्तीगणिक ताकद बदलते आणि उद्याच्या स्लाइडची आजच्याशी तुलना होत नाही. रुपयाच्या बचतीसाठी ही जोखीम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

संशोधनाकडे वळलं की भाव एकदम चढतो. पिष्टाची रचना अभ्यासणाऱ्यांना शुद्ध बीटा-अमायलेज लागतं. ॲमायलोपेक्टिनवर, म्हणजे पिष्टाच्या फांद्या असलेल्या भागावर, ते सोडलं तर साधारण 55 ते 60 टक्के भागाचं माल्टोज होतं आणि फांद्यांपाशी अडलेला गाभा उरतो. त्याला बीटा-लिमिट डेक्स्ट्रिन म्हणतात. त्या उरलेल्या भागावरून फांद्यांची लांबी-दाटी काढता येते. इथे अल्फाचा अंशही चालत नाही, कारण ते फांद्यांच्या पलीकडेही तोडतं आणि सगळा आकडा बिघडतो. म्हणून सीओएवर अल्फा-अमायलेजची भेसळ किती हे बघायचंच. या प्रतीचा माल हजारांत जातो, आणि तिथे स्वस्त पर्याय शोधू नये.

रताळ्याचं बीटा-अमायलेज आणखी एका, पिष्टाशी संबंध नसलेल्या कामासाठी विकलं जातं. जेल-फिल्ट्रेशनच्या स्तंभावर प्रथिनांचा रेणुभार मोजताना ते 2,00,000 डाल्टनची खूण म्हणून वापरतात. त्याच्या खाली अल्कोहोल डिहायड्रोजिनेज 1,50,000, बोव्हाइन अल्ब्युमिन 66,000, कार्बॉनिक ॲनहायड्रेज 29,000 आणि सायटोक्रोम-सी 12,400. आयात केलेला पूर्ण संच पाच आकडी रकमेत जातो आणि यायला आठवडे लागतात. तुमचं प्रथिन लाखाच्या आत असेल तर ही वरची खूण लागतही नाही. खालचे तीन-चार सुटे घ्या. वरची लागणारच असेल तर गुरांच्या यकृतातलं कॅटलेज, सुमारे 2,50,000 डाल्टन, बरंच स्वस्त पडतं. शेजारच्या विभागात संच उघडलेला असेल तर एका वेळेला पुरेल एवढा अंश मागून घ्या. एका फेरीला मिलिग्रॅमभरच लागतो.

घरी केलेलं माल्ट

वर्गातल्या कामासाठी बाटली न घेताही भागतं. जव, म्हणजे सातू, किलोला शंभराच्या आगेमागे मिळतो, आणि लागतात मूठभर दाणे. एक धोका मात्र नक्की. किराणा दुकानात 'बार्ली' म्हणून जे पांढुरके, गुळगुळीत दाणे मिळतात ते सोललेले असतात. घासण्यात साल आणि अंकुर दोन्ही गेलेले असतात, ते रुजणार नाहीत. सालासकट, टोकदार, पिवळसर जव हवा. नवरात्रात घटासाठी पूजासाहित्याच्या दुकानांत तो असतो. बियाण्यांच्या दुकानातून घेणार असाल तर गुलाबी-लाल रंग दिलेलं, म्हणजे औषध चोळलेलं बियाणं घेऊ नका.

दाणे दिवसभर भिजवा, मध्ये दोन-तीनदा पाणी बदला, मग ओल्या फडक्यात चार-पाच दिवस ठेवा. मोड दाण्याच्या लांबीइतका झाला की पंख्याखाली सावलीत वाळवा. उन्हात किंवा ओव्हनमध्ये तापवू नका. जास्त तापवलंत तर जे हवंय तेच माराल. हे काम थंडीत उत्तम होतं. कोकणात एप्रिल-मेमध्ये दाण्यांना मोडाआधी बुरशी येते, तेव्हा फडकं दिवसातून दोनदा धुऊन घ्यावं लागतं.

वाळलेले दाणे मिक्सरमध्ये भरडा. दहा ग्रॅम भरड शंभर मिलिलिटर गार पाण्यात तासभर ढवळून आधी मलमलीतून, मग गाळणकागदातून गाळा. हा अर्क फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी वापरा. पायाँ-पेर्सोसारखा साका काढायचा असेल तर दुप्पट थंड अल्कोहोल लागतं, आणि त्यासाठी प्रयोगशाळेकडे राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना असावा लागतो. शाळांनी त्या फंदात पडू नये, अर्क पुरेसा असतो.

या अर्काची एक खोड सांगतो, कारण तिच्यामुळे प्रयोग फसल्यासारखा वाटतो. माल्टमध्ये साखर आधीपासूनच असते. बेनेडिक्ट चाचणी केली तर पिष्ट न घातलेली नळीसुद्धा विटकरी होते. म्हणून उकळून मारलेल्या अर्काची आणि नुसत्या अर्काची, अशा दोन तुलना-नळ्या ठेवाच, किंवा आयोडीनवर भागवा. विकतच्या पावडरीतही लॅक्टोजसारखा भराव असू शकतो आणि तोही बेनेडिक्टला फसवतो.

जव मिळाला नाही तर नाचणी घ्या. मोड आणलेल्या नाचणीचं पीठ घातलं की बाळाची पेज पातळ होते, हे आपल्याकडच्या आयांना केव्हापासून ठाऊक आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अमायलेजयुक्त पिठांवर रीतसर संशोधनही केलं. चमचाभर मोडाचं पीठ घट्ट पेजेत घालून ढवळलं की पळीवरून ती ओघळू लागते, हे वर्गात दाखवायला दहा मिनिटं पुरतात. ज्वारीचं माल्ट मात्र जवापेक्षा कमजोर, विशेषतः बीटाच्या बाबतीत.

माल हातात आल्यावर

कोरडं माल्ट डायस्टेज साध्या कुरिअरने आलं तरी बिघडत नाही. रताळ्याचं बीटा-अमायलेज अमोनियम सल्फेटच्या निलंबनात येतं, ते 2 ते 8 अंशांतच प्रवास करायला हवं. बर्फाच्या पाकिटांचा खर्च कोटेशनमध्ये आहे का ते विचारा; अनेकदा तो शेवटी बिलात उगवतो. शुक्रवारी पाठवू नका असं लेखी कळवा, नाहीतर खोकं शनिवार-रविवार गोदामात तापत राहतं. निलंबन डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं नाही, साध्या फ्रीजमध्ये ठेवायचं. जीएसटी धरून दर आहे की वगळून, हेही आधीच विचारा. एन्झाइमसाठी बिलावर एचएसएन 3507 असायला हवा.

बाटली आली की दहा मिनिटांची चाचणी करा. एक टक्का पिष्टाची खळ पाच मिलिलिटर, त्यात एक टक्का एन्झाइम एक मिलिलिटर. दर मिनिटाला एक थेंब काढून पांढऱ्या टाइलवरच्या आयोडीनमध्ये सोडा. निळा रंग किती मिनिटांनी उमटेनासा झाला, ते तारखेसह बाटलीवरच लिहा. सहा महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा. वेळ दुप्पट झाली तर द्रावण दुप्पट करा, बाटली फेकू नका. शुद्ध बीटा-अमायलेजला ही चाचणी लावू नका: माळा टोकाकडून लहान होत असल्याने निळा रंग बराच वेळ राहतो आणि पुढेही जांभळट छटा उरते. चांगला माल खराब समजून परत पाठवला जातो तो यामुळेच. त्याला डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल) पद्धतीने माल्टोज मोजूनच तपासायचं.

पावडर तोलताना मास्क लावा आणि पंखा बंद ठेवा. एन्झाइमची धूळ श्वासात जाऊन दम्यासारखी ॲलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की ती पुढेही त्रास देत राहते.

मागणीपत्रकात पुढच्या वेळी असं लिहा: 'डायस्टेज, बार्ली माल्टपासून, किमान 1:2000 किंवा समतुल्य, 25 ग्रॅम, लॉटच्या सीओएसह, पोहोचताना किमान अठरा महिने मुदत शिल्लक, पंधरा दिवसांत चाचणीत नापास झाल्यास विनामूल्य बदलून.' शेवटची अट वगळू नका. व्यापारी कामासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चं छत्र सहसा मिळत नाही, त्यामुळे खासगी लॅबच्या हातात लेखी अट हाच आधार असतो. स्वतःसाठी किंवा मुलाच्या प्रकल्पासाठी घेतलेल्या बाटलीबद्दल मात्र 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. बिल, लेबलचा फोटो आणि टाइलवरच्या चाचणीच्या वेळा जवळ ठेवा.